असोद्याचा आभाळदगड आणि अक्काचा नेम

ज्याच्या उदरात अनंत ब्रह्मांडे नांदतात, त्या नारायणाची कृपा असो. आणि नीट पाहिल्यावाचून माथा टेकू नये, एवढी सावध बुद्धीही त्यानेच द्यावी.

नव्वदच्या दशकारंभी, माघात, थोरल्या बहिणीच्या निरोपावरून मी धुळ्याहून असोद्यास निघालो. आभाळात मोठा आवाज झाल्यानंतर अक्काच्या केळीबागेत एक काळा दगड सापडला होता. तिने तो महादेव म्हणून देवघरात बसवला. तिचा मुलगा मुकुंद जळगावात प्राध्यापक. तो दगड परक्या ताऱ्याकडून जीवबीज घेऊन आला असावा, असे त्याचे मत. त्याला तो कापून तपासायचा होता. निवाडा माझ्यावर. मला दोघांचाही संशय होता.

सकाळची एसटी बरी. पारोळ्यास चहापुरती थांबते. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने विचारले, "असोदाना दगड दखाले चालनात का, आबा? बठ्ठा लोके तठेच जाई ऱ्हायनात."

"पडताना कोणी पाहिला?"

"पडता कोनीच दखा नही," तो शांतपणे म्हणाला.

जळगावाहून असोदा जवळच. जाणाऱ्याने भरीत आणि कळण्याची भाकरी चुकवू नये. मी मात्र जेवणाआधी देवघर गाठले. मुकुंद करवत घेऊनच बसला होता.

"मामा, ही हिरवी झाक पाहा. दगड जिवंत आहे."

मी बोट फिरवले. बुळबुळीत, वासही आंबट. "अक्का, याला स्नान घालतेस?"

"रोज. सोमवारी दुधानं. देवाले पारोसा ठेवू काय?"

मुकुंदने करवत खाली ठेवली. "म्हणजे हा जीव आपल्याच विहिरीचा. आता कापूनही काही सिद्ध व्हायचं नाही."

"पाह्य, नाना," अक्का मला म्हणाली, "अंघोयीनंच वाचला माहा महादेव."

निघताना तिने केळीची फणी दिली. देवघराच्या मोरीचे पाणी कोठे जाते, हे मी सहज विचारले.

"केयीले. वाया कशाले घालू?"

परतीच्या वाटेवर फणी मांडीवर होती आणि मन ठिकाणावर नव्हते. दगड इथलाच असेल, तर प्रश्न मिटला. पण खरोखरच कोणी ताऱ्यांमधला अपार काळोख ओलांडून आले असेल, तर अक्काने त्याला पहिल्याच दिवशी धुऊन केळीच्या मुळाशी पोचवले होते. घरी नैवेद्य दाखवून मी एक केळे सोलले, हुंगले, बराच वेळ न्याहाळले. गोड होते. संशय अजून गेलेला नाही.

वाचणाऱ्या सर्वांच्या दारी आलेला पाहुणा, जवळचा असो वा ताऱ्यांपलीकडचा, सुखाने रुजो; आणि तुमच्या घरी अन्न, आरोग्य व विवेक अखंड नांदोत.