मर्डोचा न दिसणारा जोड

मर्डो मॅकस्किमिंगने वेल्डिंग मारलेला जोड जो कुणी बोटाने दाखवील, त्याला माझ्या दुकानातली गरम मटणाची पाई फुकट, अशी त्याची पैज होती. दुकान माझं, पाई माझी, आणि पैज लावणारा हा! पण बावीस वर्षं मी या लम्सडेन गावात दुकान चालवतेय, एकही पाई द्यावी लागली नाही. लोक गाडीखाली आडवे व्हायचे, नखाने रंग खरवडायचे, एक जण तर लोहचुंबक घेऊन आला होता. काही उपयोग नाही. पत्रा कारखान्यातून निघाला तसाच.

पन्नास वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलेला माणूस. तोरा तर काय विचारता! दुसऱ्याच्या कामाकडे बघून तो नुसतं "हं" म्हणायचा. त्या "हं"ने कॉलिन ड्युअर दोनदा रडकुंडीला आलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. कॉलिन म्हणजे शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर-ट्रेलर जोडून देणारा इथला वेल्डर, आणि माणूस चांगला आहे हो, उगाच त्याला टोचायचं काही कारण नव्हतं.

मर्डोची बायको एल्स्पेथ. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने सांगितलं, जास्त वाकायचं नाही, उंच चढायचं नाही. झालं! मुलाची गाडी उंच, माझी गाडी ठेंगणी, आणि बाई आठ महिने घरात. आता घरात बसण्याचं दुःख तिला नव्हतं. दुःख होतं शनिवारचं. थंडी पडली की इथल्या हॉलमध्ये बायका शाळेच्या निधीसाठी पावात चीज-कांदा गुंडाळून चीज रोल करून विकतात, दर शनिवारी दोनशे डझन, आणि तीस वर्षं ते सगळं एल्स्पेथच्या हाताखाली चालायचं. ती घरात अडकली आणि कारभार वेंडीकडे गेला. वेंडी कांदा घालते की नुसता दाखवते, देव जाणे. मी दर शनिवारी संध्याकाळी एक पुडकं एल्स्पेथला नेऊन द्यायचे, आणि हो, हॉलमधल्या बातम्या जरा तिखटमीठ लावूनच सांगायचे.

"याला रोल म्हणायचं?" ती म्हणायची. "हे आजाऱ्याचं जेवण झालं. मला तिथे न्या कुणीतरी, नाहीतर शाळेचं नाव बुडेल."

मर्डोने मनावर घेतलं. शेडमध्ये त्याची सहासष्ट सालची वॉक्सहॉल गाडी होती. तिची पुढची सीट फिरून दाराबाहेर येईल असं त्याने ठरवलं, म्हणजे एल्स्पेथने उभ्याने पाठ टेकायची, बसायचं आणि सीटसकट आत फिरायचं. त्यासाठी गाडीचा तळ कापला, जाड पत्रा बसवला, सीटचा पाया आणि सीटबेल्टची कडी वेल्डिंग करून घट्ट केली. पण असलं काम केलेली गाडी इथे अशीच रस्त्यावर आणता येत नाही. त्याचं वेगळं पासिंग असतं. इंजिनीअर येऊन तपासतो, पटलं तर गाडीवर बोटाएवढी धातूची पट्टी ठोकतो. पट्टी नाही तर गाडी शेडमध्येच.

इन्व्हरकार्गिलहून इंजिनीअर मेरेआना टाऊ आली. तिशी-पस्तिशीची पोरगी, हातात टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा. मी नेमकी दूध द्यायला गेले होते. दूध देऊन परत यायचं असतं, हे मला कळतं. तरी थांबले.

मेरेआना गाडीखाली गेली, वर आली, परत खाली गेली. मर्डो हाताची घडी घालून कौतुकाची वाट बघत उभा.

"वेल्डिंग कुठेय?" तिने विचारलं.

"तेच तर!" मर्डो असा फुलला! "नाही सापडणार तुला. कुणालाच सापडलं नाही अजून."

"मग मी पास काय करू?"

"म्हणजे?"

"मला जोड दिसायला हवा. कच्चा, न घासलेला, न रंगवलेला. तू ग्राइंडर मारून सपाट केलास, वर रंग दिलास. आत लोखंड धरलंय की नुसती लांबी भरून बुजवलंय, मला कसं कळणार?"

"लांबी? मी?" मर्डोचा आवाज चिरकला. "अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून…"

"आधी सहा पानांचा कागद पाठवला होता मी. वाचलास?"

मर्डोने कागदाकडे बघितलं. त्यावर रंगाचा डबा ठेवलेला होता. मेरेआनाने तोंडावर हसू येऊ दिलं नाही, पण मला दिसलं. "हे सगळं कापून काढ," ती म्हणाली, "परत वेल्डिंग मार आणि हात लावू नकोस. तसलाच एक तुकडा वेगळा जोडून ठेव, मी तो मोडून बघणार. तीन आठवड्यांनी येते."

दोन आठवडे गेले, मर्डो शेडकडे फिरकला नाही. माझ्या दुकानातही नाही. मला राहवेना. मी एल्स्पेथला म्हटलं, "अगं, त्यात एवढं काय आहे? नुसतं घासायचं नाही, उलट काम कमी!"

ती हसायला लागली ती खुबा धरूनच थांबली. "तुला सांगते, कुणाला बोलू नकोस. त्याचं वेल्डिंग म्हणजे कोंबडीने चालता चालता घाण केल्यासारखं असतं. एकदम भिकार! पन्नास वर्षं या माणसाने वेल्डिंग केलंच नाही, घासलंय. त्याचे कपडे कोण धुतं? मी. खिशाखिशात लोखंडाचं पीठ."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती ही!

"मग कॉलिनकडून करून घ्या की."

"कॉलिनकडून? त्यापेक्षा तो मला पाठीवर घेऊन हॉलला जाईल." ती डोळे पुसत म्हणाली. "आता त्याचं त्याने ठरवायचं. त्याची अब्रू मोठी की माझा शनिवार."

तोंडाने ती त्याला एक शब्द बोलली नाही. फक्त रोज रात्री जेवायला वेंडीचे रोल वाढायला लागली. मी आणून देत होते ना, चांगले दोन-दोन डझन. पाचव्या दिवशी मर्डो ताटावरून उठला आणि शेडमध्ये गेला. खिडकीला पोतं लावलं, दाराला आतून कडी घातली.

ठरल्या दिवशी मेरेआना आली. मीही दूध घेऊन गेले, घरात दूध होतं तरी. तिने टॉर्च मारला, आरसा लावला, परत टॉर्च मारला. मग म्हणाली, "हे… तूच केलंस?"

मर्डो बुटांकडे बघत "हं" म्हणाला. पण हे "हं" वेगळं होतं. मला पहिल्यांदाच त्या माणसाची दया आली.

तिने नमुन्याचा तुकडा शिकंज्यात आवळला आणि घणाने हाणायला सुरुवात केली. प्रत्येक घावाला मर्डो डोळे मिटायचा. तुकडा वाकला, दुमडला, पार आडवा झाला, पण जोड काही सुटला नाही. तिने दुसऱ्या बाजूने हाणला. तरी नाही.

"इतकं घाणेरडं वेल्डिंग मी नोकरीत बघितलं नाही," मेरेआना घाम पुसत म्हणाली. "पण धरलंय घट्ट. पास. आणि ऐक, रंगाचा एकच पातळ हात द्यायचा. ग्राइंडर लावलास तर येऊन पट्टी उपटून नेईन."

शनिवारी वॉक्सहॉल हॉलच्या दारात उभी राहिली. बायका चीजने माखलेले हात घेऊन बाहेर, पुरुष मागोमाग. मर्डोने दार उघडलं, सीट फिरून बाहेर आली, एल्स्पेथ काठी टेकून ताठ उभी राहिली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सीटखालचा तळ उघडा पडला. वर लख्ख ऊन. गाठी, फोड, ओघळ, सगळं जिथल्या तिथे दिसत होतं.

कॉलिन वाकला. "अरे देवा! हे कुणी केलं?"

मर्डोचे कान लाल झाले. तो तोंड उघडणार तोच एल्स्पेथ म्हणाली, "मी. बसून करता येतं. नवीनच शिकतेय."

"वाटलंच," कॉलिन म्हणाला. "मर्डोचं असतं तर दिसलंच नसतं."

सुटला! मी मनात म्हटलं. आता गप्प बस म्हाताऱ्या, आयती सुटका झालीय. पण मर्डो गप्प बसेना. त्याने टोपी काढली.

"तिने नाही केलं. मी केलंय. माझे जोड पहिल्यापासून असेच आहेत. वरून घासत होतो म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही."

खरं सांगते, गावासमोर पन्नास वर्षांचं नाव असं स्वतःच्या हाताने उतरवायला छाती लागते.

वेंडीने चीजच्या हातानेच डोळे पुसले. "ऐकलंत? बायकोची लाज राखायला स्वतःच्या नावाला काळं फासतोय हा माणूस! आमचा नवरा असता तर आधी या जोडांचा फोटो काढून सगळ्यांना दाखवला असता."

कॉलिनने मर्डोचा हात हातात घेतला. "इतकी वर्षं मी तुला गर्विष्ठ समजत होतो. चुकलं माझं."

"अरे गाढवांनो, मी खरं बोलतोय!" मर्डो ओरडला. जितका तो ओरडला, तितके सगळ्यांचे डोळे भरून आले. शेवटी तो माझ्याकडे वळला. "तू सांग यांना! तू होतीस ना शेडमध्ये! तुला सगळं माहीत आहे!"

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी एल्स्पेथकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच मला दटावलं.

"मर्डो," मी म्हटलं, "तू फार मोठ्या मनाचा आहेस रे."

तो एल्स्पेथच्या रिकाम्या सीटवर बसला, सीट आत फिरवली आणि दार लावून घेतलं.