चालणारा मासा

कुवेतमधल्या सलवा भागातल्या आमच्या घरी लेकीने शाळेसाठी एका दुर्मीळ माशाचं चित्र काढलं होतं. समुद्राच्या तळावर हातांसारख्या परांनी चालणारा हा मासा जगातून जवळपास संपत आलाय. मी पडलो कोकणातला, विचारून बसलो, "याचं कालवण कसं लागतं?"

लेक भडकली, नेहमीप्रमाणे इंग्रजीत. मीही चिडलो. "चालणारे मासे आमच्या गावच्या खाडीत ढिगाने असतात. निवटे म्हणतात त्यांना!"

तिला ती थाप वाटली. निवटे इथेही असतात, म्हणून शुक्रवारच्या सुट्टीत ओहोटीच्या वेळी तिला कुवेतच्या खाडीवर नेलं. चिखलात निवटे परांवर ऐटीत चालत होते. तिने आ वासला, मी मिशीला पीळ दिला आणि म्हटलं, "कालवणही झकास होतं!"

ती पुन्हा भडकली, पण चक्क मराठीत: "बाबा, यांना हात लावायचा नाही!"