न दिलेली ओळख

अल ऐनला युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका कोर्ससाठी आम्हाला आठवडाभर जनावरं पाळणाऱ्या कुटुंबात जाऊन राहायचं होतं. नुसतं पाहुणी म्हणून नाही. त्यांच्याबरोबर उठायचं, त्यांचंच खायचं, जमेल ते काम करायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी लग्न होईपर्यंत तंबूत राहिलेली, पाण्याच्या शोधात उंटांमागे फिरलेली. आता त्यांचा शहरात मोठा व्हिला होता. तरी थंडी पडली की आजी हट्टानं वाळवंटातल्या आपल्या इज्ब्यावर, म्हणजे उंट-शेळ्या ठेवायच्या जागी, तंबू ठोकायला लावायची आणि तिथंच मुक्काम करायची. तिच्या नातीनं मला तिथं नेलं.

आईला माझ्या पोटाची काळजी होती. "उंटाचं दूध पचणारेय का तुला?" आबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर असलेले पप्पा मात्र खूश होते. "जाऊ दे गं. जन्म इथं गेला पोरीचा, पण या लोकांच्या घरात कधी गेलीय का ती?"

आजीनं मला पहिल्याच दिवशी आपलं मानलं. ती एका पायावर उभी राहायची, दुसरा पाय दुमडून मांडीवर भांडं तोलायची आणि त्यात सांडणीची धार काढायची. मी तसं करायला गेले आणि दूध वाळूत सांडलं, तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. येईल-जाईल त्याला ती मला दाखवून म्हणायची, "बिन्तना." आमची मुलगी. शाळेत शिकलेल्या तोडक्या अरबीत मला तेवढं कळायचं, आणि ते ऐकायला फार आवडायचं. आबू धाबीत वाढले, पण या देशात मला आपली म्हणणारं माणूस तोवर भेटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तंबूमागे उभी राहून मी आईशी फोनवर बोलत होते. इथली पातळ रोटी अगदी आपल्या धिरड्यासारखी लागते, असं काहीतरी. फोन ठेवला तर मागे शेळ्या राखणारा माणूस उभा. पन्नाशीचा असेल. हातात चाऱ्याची पेंढी तशीच.

"मराठी बोलतीस व्हय गं पोरी?"

मी दचकलेच. म्हटलं, हो, पप्पा फलटणचे.

"फलटण!" त्यानं पेंढी खाली टाकली. "मी सांगोल्याकडचा. आमी धनगर. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालून निघायचं, मेंढरं घेऊन. फलटणच्या बाजूला लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचो आमी. तुझ्या आज्ज्याच्या रानात बी बसवली असतील बघ!"

लहान असताना आपल्याला घोड्यावर कोंबड्यांच्या शेजारी बांधून न्यायचे, असंही तो सांगू लागला. मला आजीकडे रोटी शिकायला जायचं होतं. "हो का? मस्तच," एवढं म्हणून मी निघाले. भटक्या लोकांचं जगणं समजून घ्यायला आले होते मी. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

पण तो रोज सकाळी हाक मारायचा. "उठलीस व्हय?" आदल्या रात्री जन्मलेलं करडू माझ्या हातात द्यायचा आणि त्याची आई माझ्याकडे संशयानं बघायला लागली की हसायचा. कितीतरी महिन्यांत मराठी बोललो नव्हतो, म्हणाला. सोबतचा उंटवाला सुदानी होता, दोघांचं अरबीत चालायचं.

मग आजीच्या बहिणीकडच्या बायका शहरातून भेटायला आल्या. तंबूत उदाचा धूर, खजूर, काहव्याचे कप. मी आजीला चिकटून बसले होते. नेमका तो शेळ्यांवाला चहाचा ट्रे घेऊन तंबूच्या तोंडाशी आला. पाहुण्यांतल्या एकीनं त्याच्याकडे बोट केलं आणि मला सहज विचारलं, "हा तुझ्याच लोकांपैकी ना? तुमची भाषा एकच?"

तिच्या स्वरात तुच्छता नव्हती. असती तर निदान मला ते कारण सांगता आलं असतं.

"ला," म्हणजे नाही, मी म्हणाले. "तो दुसरीकडचा. आमची भाषा वेगळी."

इतकी वर्षं इथं काढलेल्या माणसाला एवढं अरबी कळणारच. त्यानं ट्रे खाली ठेवला. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "मैडम, आपकी चाय में शक्कर कम है."

आजी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मला तो हात नकोसा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली नाही. मीच गोठ्याकडे गेले आणि विचारलं, "काका, ते करडू कुठंय?"

"उधर है, मैडम."

निघायच्या दिवशी आजी रडली. खजुरांचा डबा दिला. मी जाऊन त्याला म्हटलं, "काका, येते मी."

"अच्छा मैडम. संभाल के जाना."

वर्गात माझं प्रेझेंटेशन चांगलं झालं. शेवटी कुणीतरी विचारलं, आता जनावरांकडे कोण बघतं? मी म्हणाले, "फॅमिली." पहिल्या वेळी मी गांगरले होते असं तरी म्हणता येईल. दुसऱ्या वेळी मात्र विचार करायला भरपूर वेळ होता.

घरी जेवताना एकदा माझ्या तोंडून निघून गेलं की तिथं सांगोल्याचा एक माणूस होता. पप्पांचा घास हातातच राहिला. "आणि हे आत्ता सांगतेस?" मैत्रिणीमार्फत परवानगी काढून रविवारी ते मला घेऊन इज्ब्यावर गेलेच. सोबत ज्वारीचं पीठ आणि आईची शेंगदाण्याची चटणी.

दोघं गोठ्याच्या सावलीत बसले ते उठेचनात. कुठला ओढा, कुठली जत्रा, कुणाचं रान. पप्पांना इतकं मोठ्यानं हसताना मी घरी कधी ऐकलं नव्हतं. मी उभीच होते. त्याचं लक्ष गेलं, तसं त्यानं गोणपाट झटकून पसरलं.

"या ताई, बसा. पानी देऊ का तुमास्नी?"

मराठीतच बोलला. पण आता मी त्याची पोरगी नव्हते. मालकांच्या घरची पाहुणी होते.

परतताना पप्पा गाडीत त्याच्याबद्दलच बोलत राहिले. "तुझं लई कौतुक करत होता गं. पोरगी गुणाची हाय म्हणाला. शेळीची पिल्लं उचलून घ्यायची म्हणाला."

म्हणजे त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. मला ते सहन होईना. तिथंच मी पप्पांना सगळं सांगितलं. काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं.

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "त्याला कळलं?"

"हो."

"आणि आज तू त्याला काही बोललीस?"

"नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "नंबर घेतलाय मी. फोन कर त्याला," एवढंच म्हणाले. "आजच कर."

त्या दिवशी फोन काही झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी केला तेव्हा मी तयार केलेली वाक्यं विसरून गेले. नुसतं म्हटलं, "काका, त्या दिवशी त्या बायकांसमोर मी खोटं बोलले. तुम्ही ऐकलंत. मला माफ करा."



"आवं ताई, कवाची गोष्ट काढता! माझ्या तर ध्यानात बी न्हाई."

आणि लगेच त्यानंच विचारलं, "परीक्षा कवा हाय तुमची?"

पुढच्या महिन्यात, मी म्हणाले.

"चांगला अभ्यास करा," तो म्हणाला. मग कुणीतरी त्याला अरबीत हाक मारली, तसा तो घाईघाईनं "ठेवतो हां" म्हणाला.