चौदा नंबरचं ताट

वॉटर्लूच्या लॉर्न शांट्झला आपल्याला थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी राबणारे कामकरी, कळतात असं वीस वर्षं वाटत होतं. मंगळवारी तो भ्रम गेला.

त्याच्या कंपनीच्या डेटाबेस सर्व्हरवर येणारी प्रत्येक जोडणी सांभाळायला थ्रेडची एक टोळी होती. जो मोकळा, त्याने काम उचलायचं. ही टोळी वीस वर्षांपूर्वी लॉर्ननेच बांधलेली. आता एका गिऱ्हाइकाकडे मध्येच भलत्याचीच जोडणी तुटत होती. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर टोळी मोडीत काढून बाहेरून आयती आणायची, असं मॅनेजर डिअर्ड्राने ठरवलं होतं.

लॉर्नने पाळत ठेवायला लॉगची, म्हणजे घडेल ते नोंदवणारी, एक ओळ घातली. चूक गायब! ओळ काढली, चूक हजर. तीन दिवस हाच खेळ. बघायला गेलं की काही घडतच नव्हतं.

"मग राहू दे की ती ओळ," डिअर्ड्रा म्हणाली.

"का थांबतं ते कळल्याशिवाय?"

"तुझी बायको तीस वर्षं का टिकली, ते कळलंय तुला?"

लॉर्नने डोकं खाजवलं. तेही कळलं नव्हतं.

गुरुवारी चर्चमध्ये टर्कीचं जेवण होतं; वाढायला लॉर्नची बायको व्हर्ना होती. चौदा नंबरच्या खुर्चीवरचा माणूस जेवून उठला, व्हर्नाने त्याचं रिकामं ताट नेलं, लॉर्नला तिथे बसवलं आणि भरलेलं ताट पुढे ठेवलं. त्याने काटा उचलला, तोच व्हर्नाची जाऊ आयडा आली आणि ताट उचलून चालू लागली.

"अगं आयडा, माझा घास!"

"चौदाचं जेवण झालंय. दारातून डोळ्यांनी पाहिलं मी!"

"तो गेला! मी नवीन आहे!"

"मग नंबर तोच कसा?"

लॉर्न काटा हातात घेऊन तसाच बसला. दोन थ्रेड. दोघांनाही जोडणी संपलेली दिसते. पहिला बंद करतो, तोच नंबर नव्या माणसाला मिळतो, आणि दुसरा येऊन त्यालाच हाकलतो. लॉग लिहायला मात्र दोघांना एका दारात रांग लावावी लागते. मागच्याची पाळी येईपर्यंत पुढच्याने ताट नेलेलं असतं, म्हणून तो बघतो तेव्हा संपलेलं काही दिसतच नाही.

शुक्रवारी त्याने बघणं आणि उचलणं एकाच कुलपात घातलं, म्हणजे एका वेळी एकानेच दोन्ही करायचं, आणि लॉगची ओळ काढली. दिवसभर एकही जोडणी तुटली नाही.

"राहिली तुझी टोळी," डिअर्ड्रा म्हणाली. "पण मग वीस वर्षं कशी चालली रे?"

लॉर्नने पुन्हा डोकं खाजवलं. "देवाशप्पथ, काही कळत नाही."