सारवलेल्या जमिनीवरची पांढरी पावलं

आधीच सांगते — भूत, भानामती, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. माझे वडील धुळ्याला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. दारूबंदीची, विदेशी कापडाविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची... त्यांच्या कच्च्या प्रुफांवरच मी वाचायला शिकले. सोळाव्या वर्षी देवऋषींच्या विरुद्ध स्वतः एक पत्रक लिहिलं आणि बाजाराच्या दिवशी पारोळ्यात उभी राहून वाटलं. अशा बाईने वाचकांच्या अद्भुत अनुभवांच्या या सदरात लिहावं याचं मलाच हसू येतं. पण घडलेलं लपवणं हाही खोटेपणाच, म्हणून लिहिते.

नवऱ्याचं नाव मी लग्नापासून घेते — सुकदेव. जळगावच्या एका कापड गिरणीत तो बॉयलर खात्यात फिटर होता. गिरणीमागच्या चाळीत आमची एक खोली. एक दार, मागच्या भिंतीत डोकंही मावणार नाही एवढी गजांची खिडकी, आणि शेणाने सारवलेली जमीन. राहणारे चौघं : मी, सुकदेव, सासूबाई — त्यांना सगळे माय म्हणायचे — आणि धाकटा दीर भिका, वय बावीस.

लढाई संपत आली होती तेव्हा सुकदेवला धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग सपाट रस्त्यावर, मग बसल्या जागी. गिरणीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली न लावली आणि म्हणाले, "दमा आहे. विडी सोड."

"सोडायला आधी धरावी लागेल, साहेब," सुकदेव म्हणाला. त्याने जन्मात विडी ओढली नव्हती.

पुढच्या खेपेला त्याच डॉक्टरांनी क्षय सांगितला. महिन्याभरात एकाच छातीचे दोन रोग! माझा संशय तिथून सुरू झाला. मी त्याला धुळ्याला न्यायचं ठरवलं.

पेट्रोल मिळत नव्हतं, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी होत्या. एरंडोलपर्यंत त्याने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, पुढे मांडीवर. धुळ्याच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, पाठीत सुई घालून बाटलीभर पाणी काढलं आणि मग विचारलं, "काम काय करता?"

सुकदेवने सांगितलं. वर्षातून एकदा बॉयलर थंड करतात. वाफेच्या पायपांवरचं जुनं आवरण हातोडीने पाडायचं, मग पोत्यांतली पांढरी भुकटी हौदात ओतून पाणी घालून पायांनी तुडवायची, आणि तो चिखल पायपांवर थापायचा. भुकटीत मऊ तंतू असतात. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं... सगळ्यांना ती रुईच वाटायची. घशात गेली तर काय, गुळाचा खडा चघळायचा. मुकादम पाळीनंतर गूळ वाटायचाच.

"ती रुई नाही. तो दगड आहे, त्याचे तंतू निघतात," डॉक्टर म्हणाले. "अ‍ॅस्बेस्टॉस. विलायतेत त्याच्याविषयी छापून यायला लागलंय."

मग त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. फुप्फुसाच्या आवरणावर गाठ आहे, कर्करोग आहे, काही महिने मिळतील. पाणी साचेल तेव्हा काढत राहायचं, दुसरा इलाज नाही.

मी परतीच्या मोटारीतच सुकदेवला सगळं सांगितलं. खोटं बोलायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं. पारोळं आलं तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. मग म्हणाला, "हसन मिस्त्रीला पारोळ्याहून मीच आणलं होतं ना..."

हसन मिस्त्री म्हणजे त्याचा हौदातला जोडीदार. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो आदल्या उन्हाळ्यात पारोळ्याला आपल्या घरी गेला होता, असंच धापा टाकत, आणि तिथेच वारला.

त्यानंतरचे दिवस काय सांगू? सुकदेवला आडवं होता यायचं नाही. गादीची वळकटी पाठीशी लावून बसवायचं, मी मागे टेकून बसायची, म्हणजे तासभर त्याचा डोळा लागायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वरणात कुस्करून घास घास भरवायची. त्याला लाज वाटायची. मी म्हणायची, "तुम्ही गिरणीच्या बॉयलरला रोज भरवलंत, मी तुम्हाला भरवते." तो हसायचा, आणि हसला की खोकायचा.

अशात एके दिवशी बॉयलर खात्याचा मुकादम आला. त्याला सगळे नाना म्हणत. हातात अर्धा शेर गूळ.

"सुकदेव, तुझी जागा किती दिवस रिकामी ठेवू? भिकाला बदली म्हणून पाठव. जागा घरातच राहील."

गिरणीतली रीतच तशी. आजारी माणसाच्या जागी त्याचा भाऊ नाहीतर मुलगा. मायचा चेहरा उजळला. भिका तर मुकादमासाठी पाट मांडायला धावला.

मी म्हटलं, "नाना, त्या हौदात तुमचा मुलगा का नाही उतरत?"

नाना हसला. "तुझी ही पत्रकं वाचते ना, सुकदेव? पत्रकांनी चूल पेटते का विचार तिला."

"पेटते," मी म्हटलं. "कागदच असतो."

तो गेल्यावर घरात भांडण झालं. मी एक्सरे दाखवला, डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगितलं. भिका म्हणाला, "वहिनी, त्या काळ्या काचेत मला तर काहीच दिसत नाही." आणि सुकदेव... सुकदेवने भिंतीकडे तोंड फिरवलं. जागा गेली तर खोली जाणार, हे त्याच्या डोक्यात. भिकाने सोमवारी कामावर जायचं ठरलं.

त्याच आठवड्यात पावलं दिसली.

मंगळवारी दुपारी मी नळावरून आले तर उंबरठ्याच्या आत दोन पांढरी पावलं. अनवाणी, पुरुषी. शेजारी चुना मारत होते, कोणी आलं असेल म्हणून मी पुसून टाकली. गुरुवारी सहा पावलं, खाटेपर्यंत. माय आपल्या अहिराणीत ओरडल्या, "घरमा कोन उना व्हता वं?" सुकदेवचा त्या वेळी डोळा लागलेला होता.

मला प्रत्येकाचा संशय यायला लागला. नाना आम्हाला घाबरवून खोली सोडायला लावतोय का? मायने कोणा देवऋषीला गाठलंय का? भिका थट्टा करतोय? सुकदेवच्या कामाच्या कपड्यांचं गाठोडं फळीवर होतं. ते काढून पाहिलं तर गाठ जशीच्या तशी, वर धूळ. शेवटी मी सुकदेवच्या तळव्यांवरूनही बोट फिरवून पाहिलं, तो झोपलेला असताना. स्वच्छ होते. त्याची मला आजही शरम वाटते.

शुक्रवारी मी सापळा लावला. ओल्या सारवणावर कोणी पाय ठेवत नाही, आणि ठेवला तर तो ठसा लपत नाही. जेवणं झाल्यावर मी माय आणि भिकाला बाहेर काढलं, सुकदेवला खाटेवर टेकवून बसवलं आणि आतून बाहेर सारवत उंबरठ्यापर्यंत आले. मग उंबरठ्यावरच बसले, तोंड खोलीकडे करून. दोन वाजले असतील, लख्ख ऊन. सुकदेव माझ्याशी बोलत होता, भिकाचं लग्न वगैरे. मध्ये मी झोपले नाही, उठले नाही. भिका आणि माय समोरच्या ओट्यावर होते, मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

जमीन वाळत गेली, हिरव्याची करडी झाली... आणि जिथे जिथे वाळली तिथे पांढरं उमटायला लागलं. एखादा डाग आतून वर यावा तसं. माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर पहिलं पाऊल. मग दुसरं. खाटेजवळून पुढे, कोपऱ्यात भिकाची वळकटी होती तिथपर्यंत. तिथे दोन पावलं जोडून, माणूस वाट बघत उभा राहावा तशी. परतीचं एकही नाही.

डाव्या पावलाची करंगळी नव्हती. शेजारचं बोटही अर्धंच.

सुकदेवने वाकून पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले. "हसन मिस्त्री," तो म्हणाला. "कोळशाची ढकलगाडी गेली होती पायावरून."

मी ती भुकटी नखाने खरवडली. तिच्यात बारीक तंतू होते. चिमट्यात धरून निखाऱ्यावर ठेवली. लाल झाली, बाहेर काढली तर पुन्हा पांढरी. रुई असती तर राख झाली असती.

आता मजा बघा. माय आणि भिका आत धावत आले, आणि मी तोंड उघडण्याआधीच माय माझ्याकडे वळल्या.

"हाई बठ्ठं तुनं काम शे! भिकाले गिरणीमा जाऊ देवानं नही म्हनीसन. मना आंडोर मरी राहिना नि तुले खेळ सुची राहिना?"

त्यांचा मुलगा मरतोय आणि मला खेळ सुचतोय, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. भिकाने न जाण्यात स्वारस्य कोणाचं? माझं. सारवलं कोणी? मी. दारात कोण होतं? मीच. जगभर संशय घेत फिरले आणि सगळा पुरावा येऊन थांबला माझ्यापाशी.

फक्त भिकाने तसं मानलं नाही. तो आपल्या वळकटीजवळची ती दोन पावलं बघत भिंतीला टेकून उभा होता. घामाने सदरा भिजला होता. सोमवारी तो गिरणीत गेला नाही. यावलला मामाकडे गेला, केळीच्या बागेत कामाला. एक्सरेने झालं नाही, माझ्या बोलण्याने झालं नाही, ते त्या पावलांनी झालं. बुवाबाजीविरुद्ध लिहिणाऱ्या मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. जाऊ दिलं त्याला. पावलं पुन्हा दिसली नाहीत.

पण सुकदेवची झोप गेली. हसनला आपण त्या हौदात आणलं, म्हणून तो भिकाला न्यायला आला होता, हे त्याच्या मनातून जाईना. पाणी काढलं तरी धाप थांबेना. एका सकाळी माझ्या छातीला पाठ टेकून तो म्हणाला, "एक विचारू? खरं सांग. तूच केलंस ना ते?"

त्याला काय ऐकायचं होतं ते मला त्याच्या पाठीवरून कळलं. सबंध पाठ ताठ झाली होती.

"हो," मी म्हटलं. "मीच."

"कशानं?"

"तुमच्या जुन्या सदऱ्याच्या खिशात होती भुकटी. सारवता सारवता पसरली. तुम्ही खिडकीकडे बघत होता."

"आणि बोटं?"

"झोपेत बोलला होता तुम्ही मिस्त्रीच्या पायाविषयी."

तो हसला. "वाटलंच मला. पक्की आहेस." त्याची पाठ सैल पडली. त्या दिवशी तो चार तास झोपला. चार दिवसांनी गेला.

दहाव्याला भिका यावलहून आला. पिंडदान झाल्यावर नदीकाठीच त्याने मला बाजूला घेतलं. नाना त्याला पुन्हा भेटला होता, जागा अजून भरलेली नव्हती.

"वहिनी, माय म्हणते ते तुम्हीच केलं. खरं काय ते सांगा. ती पावलं कोणाची होती?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "हसन मिस्त्रीची."

तो संध्याकाळच्याच मोटारीने यावलला परत गेला.

खोली आम्ही सोडली. माय माझ्याजवळच राहतात, अजून तेच म्हणतात. त्या दुपारी काय झालं याचा मी खूप विचार केला. शेणात आधीच भुकटी मिसळली असेल का? मग ती पावलांच्याच आकारात का वर आली? सुकदेवने खरंच कधी मला त्या बोटांविषयी सांगितलं होतं का? आठवत नाही. त्याला रचून सांगितलेली हकीकत मी मनात इतक्यांदा घोळवली आहे, की कधी कधी माझाच हात त्या ओल्या जमिनीवर फिरताना दिसतो. पण मी ते केलं नाही. कोणी केलं, कसं केलं, मला माहीत नाही.

त्या हौदात आता दुसरे दोघं उतरतात. त्यांच्या घरी जाऊन मी सगळं सांगून आले. एकाने ऐकून घेतलं, दुसऱ्याने दार लावलं.

भिका, तुला वाचायला मीच शिकवलं, तेव्हा हे तुझ्या हातात पडेलच. चिडशील. चीड. पण तिकडेच राहा.