अक्काने पिळलेला व्हॉल्व्ह

हॉस्पिटलात शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायची एक खोली असते. अक्काची सगळी नोकरी त्या खोलीत गेली. यंत्राच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची आणि काटा जरा इकडेतिकडे झाला की कारण शोधून काढायचं, हेच तिचं काम. निवृत्त झाल्यावर ती भावांच्या घरी मागच्या खोलीत राहायला आली. तिथे तिला दोन शेजार मिळाले. एक विहिरीच्या पंपाची खोली आणि दुसरा दोन सख्ख्या भावांचा अबोला.

थोरला खाली, धाकटा वर. भांडण जिन्याला दार बसवण्यावरून सुरू झालं आणि आईच्या शेवटच्या आजारात कोण किती जागलं इथवर जाऊन पोचलं. त्यानंतर दोघांनी तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. निरोप सगळे अक्कामार्फत. "त्याला सांग, गेट लावत जा म्हणावं." "त्याला सांग, लावलंच होतं." आणि हे दोघं एकाच अंगणात उभे!

"मी बहीण आहे की टपाल?" अक्का वैतागायची. पण आतून तिचा जीव तुटायचा. आपण डोळे मिटायच्या आत हे बोलले नाहीत, तर पुढे यांचे निरोप न्यायलाही कोणी उरणार नाही, ही भीती तिला खात असे.

अशात घरातल्या पाण्याचा जोर गेला. एक नळ सुरू असेल तर ठीक, दुसरा सोडला की दोन्हीकडे करंगळीएवढी धार. एका सकाळी थोरल्याने तोंडाला साबण फासला आणि नेमका तेव्हाच वर कोणीतरी नळ सोडला. डोळे चुरचुरायला लागल्यावर कसला मान आणि कसला अपमान! त्याने न्हाणीच्या खिडकीतून बोंब ठोकली, "वर कोण पाणी घेतंय?"

वरून उत्तर आलं, "मी!"

"मग बंद कर की! आंधळा होईन मी इथे!"

नळ बंद झाला. अक्का चहाचा कप हातात धरून नुसती ऐकत राहिली. कित्येक वर्षांनी या घरात टपालाशिवाय पत्र पोचलं होतं.

तेव्हापासून तशी रीतच पडली. नळ सोडण्याआधी खिडकीतून ओरडायचं, "पाणी घेतोय!" दुसऱ्याकडून "घे!" आलं की सोडायचा.

पण सवय कुठे जाते? पंपाच्या खोलीतल्या दाबाच्या टाकीवरचा काटा पुरेपूर चढलेला असताना नळ रडतोय हे अक्काला बघवेना. टाकीत दाब आहे, नळाला नाही, म्हणजे अडचण टाकीच्या पुढे. तिने पुढचा फिल्टर उघडला. आतली गाळणीची नळी विहिरीच्या गाळाने बरबटलेली. ती धुऊन परत बसवली आणि पाणी धो धो आलं. अक्का स्वतःवर जाम खूष झाली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी एकाच वेळी आंघोळ केली. खिडक्या बंद. घरात चकार शब्द नाही.

अक्काने चहाचा कप तसाच ठेवला. ती उठली, पंपाच्या खोलीत गेली, टाकीमागच्या व्हॉल्व्हचं चाक जवळजवळ बंद होईपर्यंत फिरवलं आणि त्यावर एक जुनं पोतं टाकून आली. साबणाचा फेस डोक्यावर घेऊन थोरला पुन्हा ओरडला, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

हळूहळू खिडकीतल्या बोलण्याला फांद्या फुटल्या. "किती वेळ लावतोस, लग्नाला उभा राहतोयस का?" "खोकला कसला हा, औषध घे." एकमेकांना हाक मात्र कोणी मारत नसे. समोर आले की पुन्हा मुके.

आणि एक दिवस धाकटा सरळ पंपवाल्यालाच घेऊन आला. थोरलाही दारात येऊन उभा राहिला.

पंपवाल्याने मोटर चालू करून पाहिली, टाकीतली हवा मोजली, फिल्टर उघडून परत लावला. "गंमतच आहे. टाकीचं पोट भरलेलं आणि नळ उपाशी." मग त्याने पोतं उचललं. "हे बघा! कोणीतरी व्हॉल्व्ह पिळून ठेवलाय."

"हे वरच्याचंच काम," थोरला पंपवाल्याकडे बघत म्हणाला.

"मला काय वेड लागलंय? पाणी माझंही जात होतं!" धाकट्याचा आवाज चढला. "असले उद्योग खालचेच करतात!"

ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच आता मातीत जाणार, हे अक्काला लख्ख दिसलं.

"मी पिळलाय," ती म्हणाली.

"अक्का, तू? कशाला?" थोरल्याने विचारलं.

"पाणी आलं की तुम्ही गप्प होता." ती म्हणाली. "पाणी नसलं की बोलता. मग मी काय करू, सांगा ना! मला तुमचा आवाज ऐकायचा होता."

पंपवाला चाक उलटं फिरवत राहिला. थोरला आत गेला, धाकटा जिना चढून वर. अक्का मागच्या खोलीत बसून मनसोक्त रडली. आपण होतं तेही घालवलं, असंच तिला वाटलं.

सकाळी तिने चहा केला, पण कप हातातच राहिला. खाली न्हाणीचं दार वाजलं. नळाचा आवाज नाही. मग कुरकुरत खिडकी उघडली.

"वर! पाणी घेतोय रे!"

अक्काने कप खाली ठेवला.

"घे की, दादा," वरून आवाज आला. "आता काय, भरपूर आहे."

"माहितीये मला," थोरला ओरडला. "तरी सांगितलं."