बाबांबरोबर केरीत, समुद्री गरुड बघायला

आईचे गुडघे विमानप्रवासाला तयार नव्हते, म्हणून या एप्रिलमध्ये बाबा एकटेच माझ्याकडे आयर्लंडला आले. आल्या आल्या त्यांनी एकच मागणी केली, "थे कडे-किल्ले राहू दे. मले तो गरुड दाखव."

बाबा यवतमाळकडे सरकारी पशुवैद्य होते. दुखणाईत गुरांना त्यांनी वर्षानुवर्षं जे इंजेक्शन टोचलं, मेलेली गुरं खाणारी गिधाडं त्याच औषधानं संपली, हे त्यांना फार उशिरा कळलं. घरी हा विषय कुणी काढत नाही. पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड आयर्लंडमधून विष आणि बंदुकीनं नाहीसा झाला होता. नॉर्वेहून पिल्लं आणून तो नैर्ऋत्येकडच्या केरी परगण्यात पुन्हा सोडला, हे त्यांनी कुठल्याशा पुरवणीत वाचलं आणि कात्रण घेऊनच आले.

शनिवारी सकाळी डब्लिनमधल्या ब्लँचर्डस्टाउनहून, माझ्या घरून निघालो. गाडीनं चारेक तास लागतात. शहराबाहेरच्या M50 रिंगरोडच्या टोलला बूथ नसतो, दुसऱ्या दिवशी ऑनलाइन भरायला विसरू नका. अडेअर गावच्या गर्दीत अर्धा तास गेला. किलार्नीतली हॉटेलं महाग, म्हणून ट्रलीत खोली घेतली. वाटेत मी चाउडर, म्हणजे माशांचं दाट सूप घेतलं. बाबांनी सोबतच्या दशम्याच खाल्ल्या. पण बोलत होते सारखे. पंखांची रुंदी, मासा कसा उचलतो, जोडी कशी जन्मभर टिकते. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी किलार्नीच्या तळ्यावर गेलो. नावाडी पॉरिक, साठीचा, आम्हाला लाइफ जॅकेट देता देता थांबला.

"आधीच सांगतो," तो म्हणाला, "इथल्या जोडीतली मादी गेली. कुणीतरी कोल्ह्यासाठी मेलेल्या कोकरात विष घालून ठेवलं होतं. तिनं ते खाल्लं."

मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी विचारलं, "अन् अंडी?"

मी ते विचारल्यावर पॉरिकनं नकारार्थी मान हलवली. नर एकटाच अंड्यांवर बसून राहिला होता. भूक असह्य झाली की उठून मासा धरायला जायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडी थंड पडली. मग कावळे आले.

"परत जाऊ या का?" मी विचारलं.

"नाही. पाहू."

तळ्यातल्या बेटावरच्या पाईनवर तो नर बसला होता. एवढा मोठा पक्षी, पिवळी चोच, शेपूट खडूसारखी पांढरी. आमच्यादेखत उडाला, एक वाळकी फांदी घेऊन आला आणि रिकाम्या घरट्यात खोचू लागला. काढली, पुन्हा खोचली.

"रोज हेच करतो," पॉरिक म्हणाला. "ज्यानं विष ठेवलं तो काही वाईट माणूस नसेल. गरुडासाठी थोडंच ठेवलं त्यानं?"

मी हेही बाबांना सांगितलं, आणि सांगताक्षणी जीभ चावली.

बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "मी बी गिधाडासाठी थोडीच टोचत होतो?"

पॉरिकनं माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही.

किनाऱ्याला लागलो तेव्हा त्यानं भाडं घेतलं नाही. बाबांचा हात धरून उतरवलं, "यू'र ग्रँड, यू'र ग्रँड," म्हणजे सगळं ठीक आहे, असं म्हणत राहिला.

परतीच्या चार तासांत ते मलिंगारच्या माझ्या मैत्रिणीबद्दल, जिच्याकडे आम्ही आदल्या आठवड्यात जेवायला गेलो होतो, एकदा बोलले, बाकी काही नाही. घरी आल्यावर कात्रण कचऱ्यात दिसलं. मी उचलून ठेवायला गेले तर म्हणाले, "राहू दे. एकदा संपलं तरी परत आणता येते, असं मले वाटलं होतं."

जाणार असाल तर एप्रिल-मे बरा. दुर्बीण न्या, जाड जॅकेट न्या. नर अजून तिथे असेल. जा, असं म्हणायला मात्र माझं मन धजत नाही.

बाबा यवतमाळला परतून महिना झाला. फोनवर मी कुठल्या पक्ष्याचं काही बोलू लागले की ते म्हणतात, "तुझ्या आईले देतो," आणि फोन देऊन टाकतात.